गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर बायकोसोबत दवाखान्यात राहताना: मिरजेतल्या आठ दिवसांतून शिकलेलं

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता सिस्टरांनी माझ्या बायकोची लघवीची नळी काढली. "लघवी झाली की सांगा," एवढं म्हणून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. दोन वाजता त्यांची पाळी बदलली. संध्याकाळी सहाला तिचं ओटीपोट तट्ट फुगलं, चेहरा पांढराफटक पडला, तेव्हा मला कळलं की सहा तासांत तिला एकदाही लघवी झालेली नाही. बेडपॅन मागायचा तिला संकोच आणि विचारायचा मला संकोच. १४ वर्षांच्या संसारात आम्ही असलं काही कधी बोललोच नव्हतो. पुन्हा नळी घालावी लागली आणि ती आणखी दोन दिवस राहिली. तो त्रास तिला व्हायला नको होता.

दवाखान्यात डॉक्टर सकाळ-संध्याकाळ राऊंडला येतात, सिस्टर पाळीपाळीने बदलतात, मावशी बदलतात. त्या एका खाटेकडे दिवसभर बघणारा माणूस एकच, सोबतीला बसलेला. त्याने बघितलं नाही, विचारलं नाही, सांगितलं नाही तर गोष्टी पाळ्यांच्या मध्ये राहून जातात. सोबतीला बसणं म्हणजे चहा-डबा आणून देणं असं समजून मी गेलो होतो. तुम्ही तसे जाऊ नका, म्हणून हे लिहितोय.

आम्ही तासगाव तालुक्यातले, दोन एकर द्राक्षबाग. बायकोच्या गर्भाशयात गाठी झाल्या होत्या, अंगावरून फार जायचं, हिमोग्लोबिन ७.६ वर आलं होतं. पोट उघडून पिशवी काढायचं ठरलं. आमच्याकडे मोठं दुखणं म्हटलं की पाय आपोआप मिरजेकडे वळतात. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी तिथे मिशनचा दवाखाना सुरू केला, पुढे सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि आता सांगली-मिरज रस्त्याला दवाखान्यांची रांगच आहे. वॉर्डात निम्मी माणसं कन्नड बोलणारी असतात, इतक्या लांबून लोक येतात.

१. ऑपरेशनला हो म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: ऑपरेशनशिवाय दुसरा इलाज आहे का? गाठी आणि रक्तस्राव यांवर पुष्कळदा गोळ्या किंवा दुसरे उपाय असतात. शक्य असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याची प्रकरणं बाहेर आली आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्याकडेही ऊस आहे, मजूर बायका आहेत आणि "काढून टाका, कटकट जाईल" असं सहज म्हणणारी माणसंही आहेत. म्हणून विचारायला लाजू नका.

दुसरा प्रश्न: अंडाशय ठेवणार की काढणार? पिशवी काढली की पाळी थांबते, पण अंडाशय शाबूत असतील तर शरीरातली संप्रेरकं तयार होत राहतात. दोन्ही अंडाशय काढले तर पाळी जाण्याच्या वयातला सगळा त्रास एकदम सुरू होतो: अंगातून वाफा येणं, घाम, झोप उडणं. कधी काढणं गरजेचंच असतं. पण ते तिला आधी कळायला हवं.

संमतीपत्रावर सही तिची लागते. साक्षीदार म्हणून तुमची घेतील, ते वेगळं. फॉर्म तिच्या हातात द्या, तिला वाचू द्या, वाचता येत नसेल तर शब्दन् शब्द वाचून दाखवा.

२. तारीख ठरली की आधी माणसं ठरवा

मी इथे पहिल्यांदा चुकलो. मला वाटलं, रात्रंदिवस मीच थांबेन. बायकांच्या जनरल वॉर्डात रात्री पुरुषाला थांबू देत नाहीत, हे ॲडमिट झाल्यावर कळलं. आणि ते बरोबरच आहे, शेजारच्या खाटांवरही कुणाच्या तरी बायका-मुली असतात. ऐनवेळी रात्री आठला सासूबाईंना फोन केला. त्या कवठेमहांकाळहून पहिल्या एसटीने दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. ती एक रात्र बायको वॉर्डात एकटी होती.

म्हणून ॲडमिट व्हायच्या आधी आठवडाभर कागदावर पाळ्या मांडा: रात्री कोण, दिवसा कोण, घरी मुलांना कोण, जनावरांची धार कोण काढणार. रात्रीसाठी किमान दोन बायका ठरवा, कारण एकीला सलग चार रात्री जागवलं तर तीही आजारी पडते. आमच्याकडे सासूबाई आणि मेहुणी एक रात्र आड थांबल्या. येण्याजाण्याचा खर्च फार नाही. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ च्या पुढच्या सगळ्यांना प्रवास मोफत आहे. आधार कार्ड तेवढं जवळ ठेवायला सांगा.

तारीख आपल्या हातात असेल तर शेतीचं वेळापत्रक बघा. फळछाटणी तोंडावर असताना मी तारीख घेतली आणि चौथ्या दिवशी मला बागेकडे पळावं लागलं. जुलै-ऑगस्टचाही विचार करा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीत काय झालं ते आपण पाहिलंय. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४५ फुटांच्या धोका पातळीकडे निघालं की डबा घेऊन येणारा माणूस पलीकडेच अडकतो.

३. रक्ताची सोय

हिमोग्लोबिन कमी असेल तर ऑपरेशनआधी रक्त चढवतात. आम्हाला दोन पिशव्या लागल्या. रक्तपेढीत बहुतेक वेळा बदली रक्तदाते मागतात. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, असे चार जण आधीच सांगून ठेवा. दोन जण ऐनवेळी बाद होतात. कुणी उपाशी येतो, कुणी रात्री घेतलेली असते. "पोटभर जेवून ये" हे प्रत्येकाला फोन करून सांगा.

४. कागद आणि पैसे

एक प्लास्टिकची बटणाची फाईल घ्या. तिच्यात:

- दोघांचं आधार कार्ड, रेशन कार्ड, प्रत्येकाच्या चार झेरॉक्स
- जुने सगळे रिपोर्ट, सोनोग्राफी, रक्ततपासण्या तारखेप्रमाणे लावून
- सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं (नाव लिहून आणू नका, पाकीटच आणा)
- कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, आधी कुठलं ऑपरेशन झालंय, ते लिहिलेला कागद
- विमा असेल तर पॉलिसी आणि कार्ड
- उत्पन्नाचा दाखला, असल्यास
- चार पासपोर्ट फोटो

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बिनपैशांत होतात. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या कामात मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. ॲडमिट व्हायच्या आधी तिथे जा आणि तुमचं नेमकं ऑपरेशन या दवाखान्यात योजनेत बसतं का ते विचारा. दवाखाना योजनेत आहे म्हणून प्रत्येक ऑपरेशन तिथे होईलच असं नाही. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. आधी पैसे भरून मग "योजनेतून परत द्या" म्हटलं तर मिळत नाहीत. योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाचं जेवण, औषधं, घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं आणि डिस्चार्जनंतरच्या १० दिवसांपर्यंतचा खर्च धरलेला असतो. हे माहीत नसल्यामुळे लोक बाहेरून औषधं विकत आणतात. शंका आली तर योजनेचा नंबर १५५३८८.

एक मोठा खड्डा सांगतो. आधार कार्डावर बायकोचं माहेरचं नाव आणि रेशन कार्डावर सासरचं, असं कितीतरी घरांत असतं. आमच्या घरातही होतं. आरोग्यमित्राने दोन कागद समोरासमोर ठेवले आणि काम तिथेच थांबलं. विवाह नोंदणीचा दाखला काढायला गावाकडे परत जावं लागलं, दीड दिवस गेला. आज घरी बसून दोन्ही कार्डांवरची नावं वाचा. वेगळी असतील तर ऑपरेशनची वाट न बघता दुरुस्त करून घ्या.

खासगी विमा असेल तर खोलीच्या भाड्याची मर्यादा वाचा. मर्यादा दिवसाला ३,००० ची आणि तुम्ही ५,००० ची खोली घेतली, तर पुष्कळ पॉलिसींमध्ये वरचे २,००० तर सोडाच, डॉक्टरांची फी, नर्सिंग, थिएटर अशा बाकीच्या खर्चालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. ठरलेलं ऑपरेशन असेल तर विमा कंपनीला दोन-तीन दिवस आधी कळवा.

धर्मादाय न्यासाचा मोठा दवाखाना असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. तिथे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो काढायला दिवस जातात, म्हणून तयार असलेला बरा.

औषधांची प्रत्येक पावती फाईलमध्ये ठेवा. उरलेली सलाईन, इंजेक्शनं, हातमोजे पावती दाखवून मेडिकलला परत करता येतात. आमचे जवळपास १,८०० रुपये असे परत आले.

५. पिशवीत काय भरायचं

तिच्यासाठी पुढून उघडणारे दोन-तीन सैल गाऊन, नाडी नसलेले कपडे, सॅनिटरी पॅडची मोठी पाकिटं (ऑपरेशननंतर काही दिवस थोडं अंगावरून जातं), सरकणार नाहीत अशा चपला, कंगवा, खोबरेल तेल, ओल्या कापडाने पुसायला दोन मऊ पंचे, वाकवता येणारी स्ट्रॉ. एक छोटी, घट्ट उशी अवश्य घ्या. ती कशाला, ते पुढे येईल.

तुमच्यासाठी चटई, चादर, डासांची अगरबत्ती नको (वॉर्डात चालत नाही), अंगाला लावायचं मलम चालेल, लांब वायरचा चार्जर, स्वतःच्या गोळ्या. रात्री मोबाईल आणि पाकीट उशाखाली ठेवू नका, बनियनच्या खिशात ठेवा. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा फोन आमच्यासमोर गेला.

६. आदली रात्र आणि ती सकाळ

किती वाजल्यापासून खायचं नाही आणि किती वाजल्यापासून पाणीही नाही, या दोन वेळा भूलतज्ज्ञांकडून वेगवेगळ्या विचारून लिहून घ्या. "उपाशी राहा" एवढ्यावर सोडू नका. बी.पी., साखर, रक्त पातळ करायच्या गोळ्या यांतलं काय त्या सकाळी घ्यायचं आणि काय नाही, तेही तेव्हाच विचारा. आयुर्वेदिक काढा चालू असेल तर तोही सांगा. पोटात काही असताना भूल दिली तर उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. आपल्या मायेपोटी "एक घोट चहा" दिला, तर तिच्या जिवाशी खेळ होतो.

मग दागिने. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, चमकी सगळं काढावं लागतं. थिएटरमध्ये रक्तस्राव थांबवायला विजेवर चालणारं उपकरण वापरतात, अंगावर धातू असला तर भाजण्याची भीती असते, आणि बोटं सुजली तर जोडवी रुततात. नखांचं पॉलिशही पुसायचं, बोटाला लावलेल्या यंत्राला ऑक्सिजन नीट मोजता येत नाही. माझ्या आईला मंगळसूत्र काढणं जिवावर आलं. सिस्टरांशी वाद घालू नका. मी ते स्वच्छ रुमालात बांधून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि बायकोला सांगितलं, "माझ्या छातीपाशी आहे." जोडवी वर्षानुवर्षं न काढल्यामुळे निघत नव्हती. हे काम घरीच, साबण लावून, दोन दिवस आधी करा.

७. थिएटरच्या बाहेर

इथे करण्यासारखं काही नसतं, जागा मात्र सोडू नका. रक्त किंवा एखादं औषध आणायला कुणाचं नाव पुकारतील सांगता येत नाही. दोन माणसं थांबा, एकाने खाऊन यावं, मग दुसऱ्याने. काढलेला भाग तुम्हाला दाखवतात. घाबरून मान फिरवलीत तरी चालेल, पण एक विचारून ठेवा: "तुकडा तपासणीला पाठवणार ना?"

८. पहिले चोवीस तास

पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर काही तास कमरेखालचा भाग बधिर राहतो. पाय गार लागतात म्हणून आमच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या पायाशी तिच्या माणसांनी गरम पाण्याची पिशवी ठेवली. बधिर पायाला चटका कळत नाही. दोन्ही टाचांवर फोड आले. पांघरूण घाला, मोजे घाला, गरम पिशवी कधीही नको.

सलाईनचं चाक फिरवू नका. हात सुजला, दुखला, सलाईन थांबलं तर सिस्टरांना सांगा. लघवीची पिशवी कंबरेच्या खाली लटकवलेली असावी, जमिनीला टेकू नये, आणि तिला हलवताना ती वर उचलू नका, लघवी उलटी जाते. पिशवीत किती आणि कसल्या रंगाची जमतेय त्यावर लक्ष ठेवा. फार कमी झाली किंवा लाल झाली की सांगा.

दुखण्याबद्दल थोडं सविस्तर. आपल्याकडच्या बायकांना "दुखतंय का?" विचारलं की "नाही, बरंय" हेच उत्तर येतं. माझ्या बायकोने ओठ दाताखाली धरून तेच सांगितलं. मग एका सिस्टरांनी विचारायची पद्धत शिकवली: "दहापैकी किती दुखतंय? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही." ती म्हणाली, "आठ." मी दोन तास शेजारी बसलो होतो. दुखणं वर चढायच्या आधीच औषध दिलं तर कमी औषधात भागतं आणि ती लवकर उठून चालू शकते. पाचच्या वर गेलं की लगेच सांगायला जा.

९. वही

लघवीचा तो प्रकार झाल्यावर मी मेडिकलशेजारच्या दुकानातून दहा रुपयांची वही आणली. तीच आमच्या आठ दिवसांत सगळ्यांत उपयोगी पडली. पान उभं आखायचं: वेळ, काय झालं, कुणाला सांगितलं. त्यात लिहायचं ते असं:

ताप किती. लघवी किती वाजता (नळी काढल्यानंतर चार तासांत झाली नाही की उठून सांगायचं). गॅस सुटला का, शौचाला झाली का. काय खाल्लं-प्यायलं, उलटी झाली का. दुखणं दहापैकी किती. पॅड किती वेळा बदललं. कितीदा चालली. डॉक्टर काय म्हणाले, त्यांच्या शब्दांत.

शेवटच्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. राऊंड दोन मिनिटांत उरकतो आणि पांढरा कोट दिसला की आपली बोलती बंद होते. तीन प्रश्न लिहिलेले असले की वही बघून विचारता येतात. माझी वही बघून डॉक्टर मॅडम स्वतः थांबायला लागल्या, "बघू, रात्री काय काय झालं?" म्हणत.

रात्री मेहुणी आली की वही तिच्या हातात जायची, सकाळी माझ्याकडे यायची. सासूबाईंना लिहिता येत नाही. त्यांनी रात्री जे बघितलं ते सकाळी मला तोंडी सांगितलं आणि मी लिहिलं. त्यांच्या नजरेतून एकही गोष्ट सुटली नव्हती.

विषय काढायला संकोच वाटतो ना? वहीमुळे तोही मोडतो. "वहीत लिहायचंय, लघवी झाली का?" असं विचारलं की ते काम होऊन जातं.

१०. उठवणं, चालवणं, खाऊ घालणं

दुसऱ्या दिवशी डॉक्टर चालायला सांगतात आणि नातेवाईक म्हणतात "टाके सुटतील, झोपू दे." डॉक्टरांचं ऐका. पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आतडी सुस्त राहतात, छातीत कफ साठतो. उठवताना हात धरून ओढायचं नाही. तिला कुशीवर वळू द्या, पाय खाटेखाली सोडू द्या, मग कोपरावर जोर देऊन ती स्वतः वर येईल. खांद्यामागे तुमचा हात फक्त आधाराला. कडेवर दोन मिनिटं बसवा, चक्कर येत नाही ना बघा, मगच उभं करा.

खोकला किंवा शिंक आली की ती छोटी उशी पोटावर दाबून धरायची. टाक्यांवरचा ताण कमी होतो. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र दिलं असेल तर त्यात फुंकायचं नसतं, नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा असतो. आमच्या वॉर्डात निम्म्या बायका फुंकत होत्या आणि कुणी सांगत नव्हतं.

पाय चेपू नका, हे लिहिताना मलाच अवघड जातंय, कारण आपल्याकडे माया दाखवायची ती एक रीत आहे. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर आत गुठळी असू शकते, आणि चेपल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ताबडतोब सांगा. अचानक धाप लागली, छातीत दुखलं तर क्षणाचाही उशीर नको.

खाण्याचं डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमाने: आधी घोट घोट पाणी, मग पातळ, मग मऊ. गावाकडून तुपातला शिरा आला होता, "ताकद येईल" म्हणून. तो मी वॉर्डाबाहेर नेऊन इतरांना वाटला. पेज, मुगाचं पाणी, मऊ भात, पुढे ताक-भाकरी कुस्करून, याने काम भागतं.

आणखी एक, रिपोर्टमध्ये कुठेही न येणारं. तिसऱ्या दिवशी तिचे केस गुंतून जट झाले होते आणि हात वर करता येत नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदा तिची वेणी घातली, तेल लावून, टोकाकडून गुंता सोडवत, अर्धा तास. वेडीवाकडीच झाली. त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली. तोंड पुसणं, केस विंचरणं, स्वच्छ गाऊन, कपाळाला टिकली, हे रोज करा.

११. भेटायला येणारी माणसं

जीप भरून माणसं येतात. प्रेमाने येतात, पण प्रत्येकाला तीच हकिगत सांगून ती थकते, आणि जखम ओली असताना गर्दी चांगली नाही. दोन गोष्टी करा. एक, रोज संध्याकाळी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच निरोप टाका: तब्येत कशी आहे, उद्या काय आहे. दुसरी, "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्याला खरंच काम सांगा. चुलतभावाने चार दिवस धार काढली, शेजारच्या वहिनींनी मुलांचे डबे केले. शहाळी आणि बिस्किटांच्या पुड्यांपेक्षा ते कितीतरी मोठं होतं.

तुम्हीही जेवा. मी दोन दिवस वडापाववर काढले आणि तिसऱ्या दिवशी जिन्यात चक्कर आली. दवाखान्यांच्या आसपास खानावळी असतात, दोन वेळचा डबा लावून टाका.

१२. ती गप्प झाली तर

चौथ्या दिवशी लांबच्या नात्यातल्या एक बाई भेटून गेल्या. जाताना म्हणाल्या, "पिशवी गेली म्हणजे बाईपण गेलं, आता सांभाळून घ्या हो हिला." त्यानंतर बायको भिंतीकडे तोंड करून पडली. रात्री मेहुणीने फोन करून सांगितलं की ती रडतेय.

सकाळी मी काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. शेवटी एवढंच म्हणालो की सात महिने तू अंथरुणाला खिळल्यासारखी होतीस, रक्त चढवायची वेळ आली होती, ती पीडा गेली. माझ्यासाठी तू होतीस तीच आहेस. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "हे काल त्यांच्यासमोर बोलायला हवं होतं." ती बरोबर होती. असं कुणी बोललं तर तिथेच, तिच्यासमोर, शांतपणे अडवा. मोठ्या माणसांचा मान राखूनही "मावशी, असं नका बोलू" म्हणता येतं.

रडू येणं, चिडचिड, झोप न लागणं काही दिवस चालतं. आठवडे झाले तरी ती उदासच राहिली, जेवेना, बोलेना, तर डॉक्टरांना सांगा. वहीत हेही लिहा.

१३. डिस्चार्जचा दिवस

सकाळी "आज घरी" म्हणतात, सुटायला संध्याकाळ होते. बिल, मेडिकल क्लिअरन्स, सही, सगळं एका मागून एक चालतं. गाडी सकाळी सांगू नका.

निघण्याआधी डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन सिस्टरांसमोर वाचा: कुठली गोळी किती दिवस, जेवणाआधी की नंतर, टाके कधी काढायचे, आंघोळ कधीपासून, पुढची तारीख कुठली, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा. ऑपरेशनची नोंद आणि रिपोर्टच्या प्रती मागून घ्या. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात.

काढलेल्या पिशवीचा तपासणी रिपोर्ट काही दिवसांनी येतो, आणि बरेच लोक तो न्यायला परत येतच नाहीत. गाठ साधी होती की दुसरं काही, हे त्याच कागदावर लिहिलेलं असतं. पावती जपून ठेवा, तारीख घराच्या कॅलेंडरवर लिहा.

दुचाकीवरून नेऊ नका, "जवळच तर आहे" म्हणूनही नाही. चारचाकीत पुढची सीट थोडी मागे पाडा, तीच छोटी उशी पोट आणि पट्टा यांच्यामध्ये ठेवा, आणि ड्रायव्हरला गतिरोधक सांभाळायला सांगा. तासगावकडे येताना ते मी सगळे मोजले.

१४. घरी आल्यावर

सहा आठवडे जड उचलायचं नाही: घागर, भरलेली बादली, पाच किलोचं पीठ, अंगावर झेपावणारं मूल. वाकून धुणं नाही, केरफरशी नाही. आणि हे तिला सांगून उपयोग नाही, कारण ती उठून करेल. ते काम आधी दुसऱ्या कुणाच्या अंगावर टाकलेलं असलं पाहिजे. माझ्या अंगावर पाणी भरणं आणि भाकरी आल्या. भाकरी थापायला मी तिच्याकडूनच शिकलो, ती खुर्चीत बसून सांगायची. बागेत विरळणीला ती त्या हंगामात आली नाही, दोन मजूर बायका जास्त लावल्या.

उकिडवं बसायला त्रास होतो, म्हणून कमोडची खुर्ची आणा, भाड्यानेही मिळते. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथल्याने टाक्यांवर ताण येतो. इसबगोल द्यायचं का ते डॉक्टरांना विचारा. शरीरसंबंध सहा ते आठ आठवडे आणि तपासणी होईपर्यंत नाहीत. नवऱ्यांनो, हे तिला तोंडाने सांगायला लागू नये.

यातलं काहीही झालं तर फोन करून थेट दवाखाना गाठा: १००.४ च्या वर ताप, जखमेतून पू किंवा पाणी येणं, कडा लाल आणि गरम होणं, तासाभरात एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, घाण वासाचा स्राव, लघवीला जळजळ किंवा लघवी अडणं, सतत उलट्या आणि पोट फुगणं, पोटरी सुजणं, धाप. परिस्थिती गंभीर वाटली तर १०८.

सहा आठवड्यांच्या तपासणीला जाताना वही, डिस्चार्ज कार्ड आणि पिशवीचा रिपोर्ट, तिन्ही घेऊन जा. आत गेल्यावर तुम्ही बोलायला सुरुवात करू नका. तिला विचारू द्या. माझ्या बायकोने वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने पाच प्रश्न लिहून आणले होते, त्यातले दोन मला माहीतही नव्हते.